थंड बंद

महाडच्या इस्पितळातून रावजी पहिली बाटली घेऊन घरी आला, त्या संध्याकाळपासून चंद्रभागेने घरात थंड बंद केलं.

बाटली म्हणजे केमोची. आतड्यातली गाठ मुंबईला काढून झाली होती. तिकडची सगळी धावपळ मुलाने, अक्षयने केली होती. आता डॉक्टरांचं म्हणणं असं, की गाठ गेली तरी तिचं बी कुठे सांडलं असेल, ते मारायला औषध हवं. दर तीन आठवड्यांनी महाडला जाऊन एक बाटली शिरेतून घ्यायची आणि मधल्या दिवसांत गोळ्या खायच्या. रावजीला हे लगेच पटलं. खाचरातलं गवत उपटलं तरी बी राहतंच, हे कापड्याच्या वरच्या वाडीत जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. बाटली घेताना त्याला काही झालंही नाही. दुपारभर तो खाटेवर पडून राहिला आणि शेजारच्या पेशंटच्या पुड्यातली बिस्किटं त्याने मागून खाल्ली.

निघताना दीक्षा सिस्टरने चंद्रभागेला बाजूला घेतलं. दीक्षा तुडीलची पोरगी, पण नर्सिंग शिकून तिचं बोलणं अगदी रेडिओसारखं झालं होतं. तिने बरंच काही सांगितलं. मळमळेल, तोंड येईल, हातापायांचे तळवे लाल होतील, जुलाब जास्त झाले तर लगेच फोन करा. चंद्रभागा मान हलवत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, मावशी," दीक्षा म्हणाली, "या औषधाला थंड अजिबात चालत नाही. थंड खायचं नाही, थंड प्यायचं नाही, थंडाला हातसुद्धा लावायचा नाही."

इथे मात्र चंद्रभागेला धीर आला. एवढ्या सगळ्या बोलण्यात हे एकच तिच्या ओळखीचं होतं. थंड काय आणि उष्ण काय, हे ती आईच्या कडेवर असल्यापासून शिकत आली होती. वाडीतल्या निम्म्या बाळंतिणींचं पथ्य तिने केलं होतं. दही थंड, ताक थंड, केळं थंड, काकडी थंड, मूग थंड, नाचणी थंड, शहाळं तर थंडच. कुळीथ उष्ण, अंडं उष्ण, सुकट उष्ण, गूळ, तीळ, आलं, लसूण, लवंगी मिरची, सगळं उष्ण. भाताच्या पेजेबद्दल वाडीत दोन मतं होती, म्हणून तिने पेजही बंद केली. पाणी थंड नाही की उष्ण नाही, पाणी ते पाणी. ते ती नेहमीसारखं नळाचं देत राहिली.

'हातसुद्धा लावायचा नाही' हेही तिने अक्षरशः पाळलं. घरामागच्या केळीकडे जायला रावजीला बंदी झाली. काकडीचा वेल पडवीच्या खांबावर चढला होता, तो तिने सोडवून गोठ्याच्या कुडावर नेऊन सोडला.

रात्री अक्षयचा फोन आला.

"आई, डायट प्रॉपर फॉलो कर हां. सिस्टर काय बोलली?"

"थंड बंद."

"बरोबर. थंड टोटली अव्हॉइड कर."

"बंदच केलंय रे. घरात थंडाचा वास नाय."

"गुड," अक्षय म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी रावजी तोंड धुवायला नळावर गेला. वाडीचं पाणी वरच्या झऱ्यातून लोखंडी पाइपाने येतं. आषाढातलं ते पाणी दाताला लागतं. रावजीने ओंजळ धरली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येऊन तो मागे चिखलात बसला.

"नळात करंट उतरलाय," तो ओरडला. "कोन शिवू नका."

चंद्रभागेने चप्पल घालून लांबूनच नळाला काठीने डिवचून पाहिलं. काही झालं नाही. तोवर रावजीने उठून घराच्या दाराची कडी धरली, तिथेही करंट. स्टीलचा तांब्या उचलला, त्यातही करंट. घाबरून पाण्याचा घोट घेतला, तर नरडं कुणी मुठीत आवळल्यासारखं झालं. तो ओटीवर बसला, गळ्यावर हात ठेवला आणि बायकोकडे बघत राहिला. त्या बघण्यात, हिने पाण्यात काय घातलं, असाही एक प्रश्न होता.

वाडीतला सयाजी वायरमन टेस्टर घेऊन आला. रबरी चपला घालून त्याने नळाला टेस्टर लावला, कडीला लावला, तांब्याला लावला.

"काय बोलतो टेस्टर?" रावजीने विचारलं.

"काय बोलत नाय."

"मंग मी खोटा बोलतो?"

"मी कुठं तसं म्हनतो, काका. परत लावा बघू हात."

रावजीने एक बोट नळाला लावलं आणि विंचू चावल्यासारखा हात झटकला. सयाजीने थोडा विचार केला आणि टेस्टर रावजीच्या दंडाला लावला. टेस्टर तिथेही पेटला नाही. मग त्याने डीपीवर जाऊन खटकाच पाडला. वाडीतले पंखे थांबले, टीव्ही थांबले, चक्की थांबली. चक्कीवर दळणाला गेलेली बनुबाई भुवयांपर्यंत पिठाने पांढरी होऊन भांडायला बाहेर आली. ही चंद्रभागेची चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी.

"आता लावा," सयाजी म्हणाला.

रावजीने हात लावला. करंट होताच.

"काका, हितं आता एक बल्ब पेटत नाय," सयाजी टेस्टर खिशात घालत म्हणाला. "हा करंट बोर्डाचा नाय."

"मंग कुनाचा?"

"ते मला विचारू नका. माजं काम बोर्डापुरतं."

बनुबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "औषधाचाच असंल, भावजी. एवढी बाटली अंगात गेली."

"औषध ह्यांच्या अंगात गेलंय," चंद्रभागा म्हणाली, "नळात नाय गेलं."

पण चंद्रभागेच्या मनात एव्हाना दुसरंच आलं होतं. सिस्टरने बजावलं होतं, थंड चालत नाही. म्हणजे थंड पोटात गेलं की असं होत असणार. आणि बनुबाईच्या घरात रोज संध्याकाळी दही विरजायला पडत होतं.

"तोंड उघडा," माणसं पांगल्यावर ती म्हणाली.

"कशाला?"

"वास घेते."

"कसला?"

"दह्याचा. बनुबाईकडं काय खाल्लंत काल?"

रावजीने कुळदैवताची शपथ घेतली. तिने वास घेतलाच. दह्याचा आला नाही, लसणीचा आला. तरी संशय गेला नाही. त्या दिवसापासून रावजीला झिणझिणी आली की तो दोन्हीकडून अडकायचा. सांगितली तर चोरून थंड खाल्ल्याचा आळ यायचा आणि जेवणात आणखी एक मिरची वाढायची. न सांगावी तर उडालेला हात दिसायचाच. छत्रीची लोखंडी मूठ धरवेना म्हणून त्याने तिच्यावर अक्षयचा जुना पायमोजा चढवला. असा तो घरामागच्या संडासात जाऊ-येऊ लागला, तेव्हा वाडीतल्या कुत्र्यांनाही त्याची दखल घ्यावीशी वाटली.

त्याच आठवड्यात त्यांच्या खाचरात लावणी आली.

वाडीत लावणी पैऱ्यावर होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी कुणी कुणाला देत नाही, अंगाने केलेलं काम अंगानेच फेडायचं. रावजीची अशा वेळी एक जागा ठरलेली होती. पहिली ओळ तो धरायचा. त्याच्या ओळीवरून बाकीच्यांनी आपली ओळ बघायची.

या वेळी पहिली ओळ सयाजीला दिली. रावजी रेनकोट घालून बांधावर उभा राहिला. सयाजीची ओळ पहिल्या दहा हातांतच पोटाशी वाकली.

"डावीकडं जातंय," रावजी म्हणाला.

"बघतो, काका."

"अरे, कुठं बघतोस? साप चालल्यागत चाललंय."

"तुमी गप बसा वो," चंद्रभागा चिखलातून म्हणाली. तिच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता, पाठीवर प्लास्टिक होतं, आणि वाकल्या वाकल्या तिने पाठ थोडीशीच वर करून हे सांगितलं.

रावजीला राहवलं नाही. त्याने पायजमा वर घेतला आणि खाचरात उतरला. पाय टेकले मात्र, दोन्ही तळव्यांतून काच घुसावी तशी कळ गेली. त्याने एक पाय उचलला, मग तो ठेवून दुसरा उचलला, मग दोन्ही एकदम उचलायला गेला. ताज्या लावलेल्या रोपांतून तो असा बांधाकडे निघाला, की सयाजीच्या वाकड्या ओळीचाही काही मागमूस उरला नाही.

"चिखलात पन करंट हाय काय?" कुणीतरी विचारलं.

बायकांनी हसत हसत पाय वर घेतले. हसण्यात वाईट हेतू नव्हता. चंद्रभागाही हसली असती, पण बांधावर बसून पाय चोळणाऱ्या नवऱ्याचं तोंड तिला दिसलं आणि ती खाली वाकून रोपं टोचू लागली.

रोपांच्या मुठी सोडवून द्यायचं काम त्याला दिलं, तर ओली रोपंही हाताला झोंबली. शेवटी सगळ्यांचे मोबाइल एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच्याकडे दिली. पहिली ओळ धरणारा रावजी बांधावर बसून फोन घेऊ लागला.

"हालो. ती चिखलात हाय. कोन बोलतंय? बरं. सांगतो."

पुढच्या आठवड्यात झिणझिण्या आपोआप कमी झाल्या, तेव्हा चंद्रभागेला आपल्या पथ्याचा गुण आला असं वाटलं. पण मग तोंड आलं. गालांच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरे फोड उठले. कुळथाच्या पिठल्याचा घास घेतला की रावजीच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"तिखट लागतंय."

"लागू दे. आत गेलं की गुण करतंय."

तळवे लाल होऊन सोलायला लागले. आणि मग पोट बिघडलं. आधी दिवसातून चारदा, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. चंद्रभागेला फोन करायचं आठवलं, नाही असं नाही. पण आतली घाण निघते आहे, निघू दे, असं तिने स्वतःला समजावलं. आतड्यातलंच दुखणं, ते आतड्यातूनच बाहेर जाणार. फोड आले होते तरी तिने सुकटीचा रस्सा केला, त्यात आलं वाढवलं. रात्री चुलीपुढे बसून ती स्वतःचा थकलेला गुडघा शेकत असे आणि उद्या आणखी काय उष्ण करता येईल याचा विचार करत असे. इतकं करून नवरा वाळत का चाललाय, हे तिला कळत नव्हतं. त्याच्या पायजम्याची नाडी आता कमरेला दोनदा फिरत होती.

बनुबाईच्या खाचराची पाळी आली. पैऱ्यात चंद्रभागेला जाणं भाग होतं, आणि नवऱ्याला घरी एकटं ठेवलं तर तो दह्याला गाठेल ही भीती. तिने त्याला बरोबर घेतलं. तो फोनांची पिशवी घेऊन बांधावर बसला. दुपारच्या सुमाराला तो अचानक उठला, खाचराच्या कडेने चालू लागला, मग पळू लागला आणि करवंदीच्या जाळीमागे दिसेनासा झाला. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. इतकी मन लावून लावणी त्या खाचरात कधी झाली नव्हती.

आणि जाळीमागून बनुबाईचा फोन वाजायला लागला. बराच वेळ वाजला. मग रावजीचा बारीक आवाज आला.

"हालो. ती चिखलात हाय. मागनं कर."

सयाजी हसता हसता चिखलात गुडघ्यावर आला. बनुबाईने तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळाने रावजी जाळीमागून बाहेर आला. पिशवी त्याने बांधावर नीट ठेवली, वर एक दगड ठेवला आणि कुणाकडे न बघता तो घराची वाट चालू लागला. वाटेत दोनदा तो बसला. त्याला बसताना बघून हसणं थांबलं.

संध्याकाळी चंद्रभागा घरी आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"सोमवारी महाडला जायचंय," ती म्हणाली. "दुसरी बाटली."

"मी नाय जायचा."

"म्हंजे?"

"म्हंजे नाय. बी ऱ्हायलं असंल तर ऱ्हाऊ दे. उगवंल तेवा उगवंल. मानसासारखा मरंन. जाळीमागं बसून लोकांचे फोन घेत नाय मरायचं मला."

चंद्रभागा त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. रागावून बोलायला तिला शब्द कधी कमी पडले नव्हते. पण तो ओरडून बोलला असता तर ती ओरडली असती, आणि तो अगदी शांतपणे बोलला होता. ती चुलीकडे गेली आणि तिने पिठल्याला आधण ठेवलं.

सोमवारी सकाळी तिने लुगडं बदललं, केस विंचरले, पिशवी घेतली.

"कुठं चाललीस?"

"महाडला. त्यांना सांगून येते, ह्यांना बाटली नको म्हनून. ती मानसं वाट बघतील."

रावजी उठून बसला. "तू काय सांगशील?"

"सांगीन, पोट बिघडलंय, चोरून दही खातात."

"मी दही खाल्लं नाय."

"ते मला काय ठावं?"

"थांब," रावजी म्हणाला. "माजं दुखनं मीच सांगीन. तोंडावर सांगीन, नको म्हनून."

एवढं तिला हवं होतं. पण दुसरी भीती होती. मागच्या वेळी इस्पितळात आधी वजन केलं होतं. या वेळी वजन उतरलेलं दिसलं तर खाण्याकडे लक्ष नाही म्हणून तिलाच बोलणार. तिने त्याला दोन स्वेटर घातले. नेहमीप्रमाणे कमरेच्या आकडीला कोयता अडकवला, आणि वरून रेनकोट.

"इस्पितळात कोयता कशाला?"

"परत येताना वाटेत काय तोडायचं असलं तर?"

रावजीत वाद घालायचं बळ नव्हतं.

इस्पितळात तो वजनकाट्यावर उभा राहिला. दीक्षाने आकडा पाहिला, मग त्याच्या गालांकडे पाहिलं.

"काका, रेनकोट काढा."

मग, "एक स्वेटर काढा." मग, "आतलाही काढा. आणि पाठीला काय आहे?"

"कोयता."

"कशाला आणलात?"

"हिला विचार," रावजी म्हणाला.

चंद्रभागा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिला वाचता येत नव्हतं.

कोयत्याविना रावजी बराच हलका निघाला. रक्त काढलं, ते तपासून आलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते बघून मान हलवली. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, अंगातलं पाणी उतरलं होतं. "आज बाटली देता येणार नाही, काका. हे शरीर आज ते सोसणार नाही."

रावजी नको म्हणायला आला होता. वाटेत एसटीत बसून त्याने ते वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. पण त्यांनीच आधी नाही म्हटलेलं ऐकून त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"देता येनार नाय म्हंजे? कापड्यावरनं आलो मी. पोट धरून आलो."

"असंच चालू राहिलं तर पुढची कधी देता येईल तेही सांगता येत नाही."

"दुसऱ्या मानसाला देनार माजी बाटली?"

"नाही हो, काका."

डॉक्टरीणबाईंनी दीक्षाकडे बघून "आहार काय चाललाय, जरा विचार," असं सांगितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

चंद्रभागा ह्या प्रश्नासाठी तयार होती. वजनाच्या प्रकाराने तिची मान खाली गेली होती, ती आता वर झाली.

"तू सांगितलंस तसं सगळं केलं, बाय. थंड म्हंजे थंड नाय दिलं. कुळीथ, अंडी, सुकट, मिरची, आलं, लसून, गूळ."

दीक्षाचं पेन थांबलं. "तोंड आलंय तरी मिरची?"

"मिरची उष्ण."

"दही-भात नाही दिला?"

"छे. थंड."

"केळं?"

"हात लावून दिला नाय."

"ताक? पेज? नाचणीची आंबील?"

"नाव काढलं नाय घरात."

"आणि पाणी कुठलं पितात?"

"नळाचं. वरच्या झऱ्याचं. गारेगार असतंय."

दीक्षा खुर्चीत मागे टेकली. तिच्या तोंडावर आधी हसू आलं, कारण तिची तुडीलची आजीही दह्याला थंडच म्हणत होती. मग रावजीचे खपाटीला गेलेले गाल दिसले आणि हसू विरलं.

"मावशी, मी थंड म्हटलं ते गार. हाताला गार लागतं ते. फ्रिजमधलं, नळाचं, झऱ्याचं. गार पाणी, गार लोखंड, गार वारा. त्याने झिणझिण्या येतात, घसा आवळतो. दही-केळी तर द्यायलाच हवी होती. चुकलं माझंच, मी नीट सांगायला हवं होतं."

"म्हंजे करंट—" रावजी म्हणाला.

"औषधाचा, काका. सगळ्यांनाच लागतो."

रावजीने सावकाश मान वळवली आणि चंद्रभागेकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला असं बघायची संधी मिळाली नव्हती, आणि ती तो घाईने संपवणार नव्हता.

दीक्षाने या वेळी दोघांना बसवून सगळं पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक गोष्ट चंद्रभागेकडून परत म्हणून घेतली. प्यायला कोमट पाणी, हात धुवायलाही कोमट. दही घरचं, ताजं, त्याच दिवशीचं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. जुलाबाच्या ह्या गोळ्या, आणि तरी थांबले नाहीत तर घाण निघतेय म्हणून बसायचं नाही, फोन करायचा. तोंडाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. तळव्यांना मलम, आणि चिखलात उतरायचं नाही. एक आठवडा खाऊन-पिऊन या, मग बघू.

महाडच्या स्टँडवर रावजीने केळी घेतली. एसटी पोलादपूरला लागेपर्यंत तो चंद्रभागेच्या शेजारी बसून एकामागून एक केळं सोलून खात होता. प्रत्येक सालपट तिच्या हातात देत होता.

पुढचा आठवडा चंद्रभागेला जड गेला. बातमी तिच्या आधी वाडीत पोचली होती, कारण रावजीला आता रोज ओटीवर बसून लोकांना सांगायला विषय मिळाला होता. बनुबाई दह्याचा वाडगा घेऊन आली आणि उंबऱ्यातून म्हणाली, "हे घे गो, थंड आनलंय. का गार म्हनू?"

"ठेव तिथं."

पैऱ्याच्या रांगेत वाकल्यावरही सुटका नव्हती. कुणी पाणी मागितलं की दुसरी म्हणायची, चंद्रभागेला विचार, हे चालतं काय. सयाजी तर डीपीचा खटका पाडल्याबद्दल भरपाई मागत होता. ती सगळं ऐकून घेत होती. पहाटे उठून पाणी तापवत होती, पेजेत मीठ घालून निवू देत होती, नवऱ्याच्या तळव्यांना मलम चोळत होती. रावजी हुकूम सोडत होता. पाणी कोमट नाही, कढत आहे. आता कोमट नाही, गार आहे. दही आंबट आहे. दाराची कडी काढायची तर तिने यावं, त्याचा हात औषधाचा आहे. चंद्रभागा येऊन कडी काढत होती.

पोट थांबलं. फोड वाळले. एका संध्याकाळी त्याने दही-भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि तो खाताना ती चुलीकडे तोंड करून बसली, त्याला दिसू नये म्हणून.

एकच गोष्ट तिला विचारता येत नव्हती. पुढच्या बाटलीला तो येणार की नाही? त्याने 'नको' म्हटलं होतं ते मागे घेतलं नव्हतं. पूर्वी तिने नुसतं सांगितलं असतं, सोमवारी जायचं. आता सांगायला तोंड राहिलं नव्हतं. एकदा तिने आडून विचारलं.

"सोमवारी एसटी किती वाजता असते?"

"तुला ठावं हाय," रावजी म्हणाला. "का, गेल्या टायमासारखं ह्यांना बाटली नको म्हनून सांगायला जातेस?"

रविवारभर त्याने तो विषय काढला नाही. सोमवारी ती उठली तेव्हा तो पायमोजे घालून ओटीवर बसला होता. बनुबाईच्या केळीचा अर्धा घड त्याच्या पिशवीत होता. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. नुसता नाक्यापर्यंत तिच्या पुढे चालत गेला. वाटभर चंद्रभागेला वाटत होतं, की आता मागे वळेल, इथून वळेल.

वजन स्वेटरविना केलं. रक्त तपासून आलं. डॉक्टरीणबाई "छान" म्हणाल्या, आणि बाटली टांगली गेली. "मोठ्या रोगाचं औषध आहे, काका, अजून बऱ्याच बाटल्या आहेत. याल ना?" असं त्या जाता जाता विचारून गेल्या. रावजी छताकडे बघत होता. चंद्रभागा थर्मास घेऊन कोमट पाणी आणायला गेली, आणि नळापाशी उगाचच बराच वेळ उभी राहिली.

परत आली तेव्हा मधला पडदा ओढलेला होता आणि पलीकडून रावजीचा आवाज येत होता. शेजारच्या खाटेवर उमरठचा काशीराम नावाचा माणूस आला होता. ही त्याची पहिली बाटली होती, आणि भीतीने त्याच्या कपाळावर घाम होता.

"पन ते कसं?" काशीराम विचारत होता. "सिस्टर बोलली, थंड चालत नाय."

"अरे थंड नाय, गार," रावजी म्हणाला. "मोठी भानगड हाय ती. आमच्या हिनं मला महिनाभर निखारे खायला घातलंन. मी पैल्या दिवसापासनं सांगतोय, बाये, दह्याला काय होत नाय, ते पानी तापव. ऐकंल तर ना."

चंद्रभागेने पडदा धरला. असं एक अक्षर तो बोलला नव्हता. वास घ्यायला तोंड उघड म्हटल्यावर गुमान उघडलं होतं त्याने. पडदा बाजूला करून हे आत्ताच्या आत्ता सांगायला ती पुढे झाली.

"केळी खा," रावजी सांगत होता. "ही घे, गावची हाय. तोंड येईल, गुळन्या कर. पोट बिघडलं तर फोन कर, लाजू नको."

"आनि हातापायाचं काय होतं बोलतात?"

"ते आता नाय होत, ते मागनं होतं. आताच सगळं सांगितलं तर घाबरशील. तुजी न माजी बाटली एकाच दिवशी येते. पुढच्या टायमाला सांगतो."

"याल ना पन तुमी?"

"येनार नाय तर कुठं जानार?" रावजी म्हणाला. "ही खाट खिडकीशी हाय, ही मी धरतो. तू तीच घे."

पडद्यावरचा चंद्रभागेचा हात खाली आला. तिने बाहेरचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. तोंडावर काय चाललं होतं ते तिला स्वतःलाच धड कळत नव्हतं.

"कोन हाय तिकडं?" आतून रावजीने विचारलं. "तूच काय गो? मी खोटं सांगतोय काय?"

"नाय वो," चंद्रभागा म्हणाली. "सांगा तुमी."